वाघोलीतली दोन फुटी टाकी, बोअरचं पाणी आणि माशांची निवड

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. हिशोबाने 56 लिटर, पण वर दीड इंच रिकामं सोडलं, खाली खडी टाकली, फिल्टर बसवला की पाणी मावतं साधारण 45 लिटर, म्हणजे आपले वीस लिटरचे दोन जार आणि वर थोडं. हा आकडा आधीच सांगून ठेवतो कारण पुढे जे काय झालं ते एवढ्याशा पाण्यात झालं.

ताई पुण्यात वाघोलीला राहते. भाच्याला मासे पाहिजे होते म्हणून दाजींनी दसऱ्याच्या दिवशी टाकी आणली, आणि त्याच संध्याकाळी मासेही आणले. दुकानात भाचा बोट दाखवत गेला आणि पिशव्या भरत गेल्या: दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार टायगर बार्ब, सहा निऑन, एक फायटर आणि काच साफ ठेवायला एक सकर. एकूण सोळा. "एकत्र चालतील ना?" असं दाजींनी विचारलं होतं, "सगळे चालतात, फक्त रविवारी पाणी बदला" असं उत्तर मिळालं.

भाचा सहावीत आहे. त्याने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून ठेवलं होतं, कोण कधी गेलं, त्या दिवशी काय केलं होतं, आणि मला हे प्रकरण नीट उलगडता आलं ते त्या एका पानामुळे, त्यामुळे मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला मी आता वही ठेवाच म्हणतो. नोंदी अशा होत्या: तिसऱ्या दिवशी दोन निऑन. चौथ्या दिवशी एक. सहाव्या दिवसापर्यंत सगळे निऑन संपले. नवव्या दिवशी फायटर, त्याच्यापुढे लिहिलं होतं "शेपूट फाटलेली". बाराव्या दिवशी एक एंजल, पंधराव्याला एक गोल्डफिश, सतराव्याला एक टायगर बार्ब. मध्ये दोन रविवार, दोन्हींपुढे "पूर्ण पाणी बदललं, खडी धुतली, फिल्टर धुतला". आणि सगळ्यात खाली पेन्सिलने, बारीक अक्षरात, "मामाला विचारायचं".

मी गेलो दिवाळीत, म्हणजे जवळजवळ विसाव्या दिवशी. सहा जीव उरले होते. गोल्डफिश पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून भराभर श्वास घेत होता, त्याच्या अंगावर डाव्या बाजूला रुपयाएवढी जागा निस्तेज झाली होती, तिथली खवलं विस्कटलेली. रात्री अकराला दिवा बंद करून आम्ही मोबाईलचा उजेड टाकून बघितलं तर सकर त्याच जागेवर चिकटलेला होता. भाचा म्हणाला, "मामा, हा त्याला चाटतोय." खरंच तसंच होतं. सकरला पुरेसं शेवाळ किंवा खाणं मिळालं नाही की तो सपाट अंगाच्या, हळू पोहणाऱ्या माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडून खातो, गोल्डफिश आणि एंजल हे त्याला सोपे पडतात. तीन टायगर बार्ब एंजलच्या मागे होते, त्याच्या पोटाखालच्या लांब दोऱ्या अर्ध्यावर तुटलेल्या. काही तरी चुकतंय हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं, आणि प्रत्येकजण जास्त काळजी घ्यायची म्हणून जास्त साफसफाई करत होता.

आता पाणी. मी टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं पेन, बरोबर नेलं होतं, ते बाथरूमच्या नळाखाली धरलं, 640. किचनच्या नळाखाली धरलं, तेही 640च्या आसपास. मी कोथरूडला राहतो, आमच्याकडे धरणाचं पाणी येतं आणि तेच पेन शंभरच्या आत राहतं, तर हा फरक मोठाच आहे, पण दोन्ही नळ सारखेच आहेत असं समजून मी पुढे जाणार होतो. तेवढ्यात लक्षात आलं की किचनच्या नळाच्या तोंडाशी पांढरा जाड थर चढलाय आणि बाथरूमचा नळ मात्र स्वच्छ. ताईला विचारलं तर म्हणाली सोसायटीने बोअरसाठी सॉफ्टनर बसवलाय, त्याचं पाणी फक्त बाथरूमच्या लाइनला आहे, किचन आणि बाल्कनीला सरळ बोअरचं आणि कमी पडलं तर टँकरचं.

मग थेंबांचं किट काढलं. ही टेस्ट मुलांना फार आवडते, नळीत पाच मिली पाणी घ्यायचं, औषधाचा एक एक थेंब टाकून हलवायचं, आधी नारिंगी रंग येतो आणि ज्या थेंबाला तो हिरवा होतो तितके अंश कडकपणा. बाथरूमच्या पाण्याला चौथ्या थेंबाला हिरवा झाला. किचनच्या पाण्याला भाचा मोजत राहिला, दहा, बारा, पंधरा, आणि अठराव्या थेंबाला रंग पालटला. एक अंश म्हणजे लिटरमागे जवळजवळ 18 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे किचनचं पाणी 320च्या पुढे. टीडीएस तेवढाच, कडकपणा मात्र चार-साडेचार पट वेगळा.

याचं कारण साधं आहे. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, एकूण क्षार तेवढेच राहतात आणि पेन फक्त एकूण क्षार मोजतं. पीएच दोन्हीकडे 8.2 आला. टाकी भरली होती बाथरूमच्या नळाने, कारण हॉलपासून तोच जवळ. म्हणजे माशांना जे पाणी मिळालं ते धड मऊही नाही आणि धड कडकही नाही, नुसतं सोडियमने भरलेलं आणि वर अल्कलाइन.

टाकीतल्या पाण्यात अमोनिया निघाला 2, नायट्राइट 1. हे दोन्ही शून्य पाहिजेत. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं, आणि हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. इथे पहिल्याच दिवशी सोळा मासे, आणि जे थोडे बॅक्टेरिया बसायला लागले ते दर रविवारी नळाखाली धुवून गेले. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग असतं ते वेगळंच.

पीएचचा इथे काय संबंध ते बरेचजण सांगत नाहीत म्हणून जरा थांबून लिहितो. पाण्यातला सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. पीएच 7 असेल तर 27 अंश तापमानाला शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो, बाकीचा अमोनियम म्हणून असतो. तोच पीएच 8.2 झाला की शंभरातले नऊ-दहा भाग विषारी रूपात जातात. म्हणजे तेवढाच कचरा, तेवढेच मासे, पण वाघोलीच्या पाण्यात विष चौदा-पंधरा पट. माझ्या घरी जी चूक मासे झेलून नेतात तीच चूक ताईच्या घरी जीव घेते. ताईला वाटत होतं तिचा हातच वाईट आहे, तसं काही नव्हतं, तिने तर सगळ्यात जास्त कष्ट घेतले होते.

पण समजा पाणी अगदी बरोबर असतं, फिल्टर तयार असता, तरी हे सोळा एकत्र राहिले असते का? नाही. गोल्डफिश थंड पाण्याचा, 18 ते 22 अंशात खूश असतो, साधी छोटी जातसुद्धा 15 सेंटीमीटरच्या पुढे जाते आणि घाण प्रचंड करतो. एंजल ॲमेझॉनचा, त्याला 26-28 पाहिजे, दुकानात नाण्याएवढा दिसतो पण वाढला की वरच्या पंखापासून खालच्या पंखापर्यंत वीतभर, त्याला फूटभर उंचीची टाकी पुरत नाही, आणि मोठा झाला की निऑन त्याला खाऊ वाटतो, निसर्गातही तो तसले बारीक मासे खातोच. टायगर बार्ब सुमात्रा-बोर्निओकडचा, आठ-दहाच्या घोळक्यात असेल तर आपापसात मारामाऱ्या करतो, चारच असतील तर दुसऱ्यांच्या लांब पंखांवर येतो, आणि या टाकीत लांब पंखवाले तीन होते, दोन एंजल आणि एक फायटर. फायटरला तर एकटंच ठेवायचं, हळू पोहणारा, जड शेपटीचा, त्याला पळता येत नाही. निऑनला मऊ, किंचित आंबट पाणी लागतं, 8.2 पीएच आणि अमोनिया, ते सहा दिवस टिकले हेच जास्त. आणि सकर, दोन इंचाचा आणलेला, वाढून दीड फुटाचा होतो. टाकी एक फूट रुंद आहे. तो पूर्ण वाढला तर त्यात वळूही शकणार नाही.

दुकानदाराला मी फार दोष देत नाही. त्याच्याकडे सगळी पिल्लं असतात, दोन-तीन महिन्यांची, आठवड्याभरात विकली जातात, त्या वयात त्या टाकीत ती खरंच एकत्र चालतात. पण तो सांगतो आजचं आणि आपल्याला जगायचं असतं त्यांच्याबरोबर तीन-चार वर्षं. लिटरमागे अमुक इंच मासा असला जो हिशोब सांगतात तोही याच कारणाने फसतो, दोन इंचाचा सकर त्या हिशोबात बसतो आणि दीड फुटाचा होतो तेव्हा कोणी मोजायला येत नाही.

उरलेल्या सहांचं काय करायचं हा प्रश्न त्याच रात्री आला. दाजी म्हणाले, "नदीत सोडू या, निदान मोकळे जगतील तरी." त्यांनी हे मनापासून, दयेनेच म्हटलं होतं. पण मी हट्टाने नाही म्हटलं. सकर दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, अंगावर हाडाचं चिलखत असल्यासारखी खवलं, आपल्याकडच्या पक्ष्यांना, मोठ्या माशांना तो खाता येत नाही, घाणेरड्या पाण्यातही तगतो, काठाला बिळं करतो आणि जाळ्यात अडकला की जाळं फाडतो. मुळा-मुठेचं पाणी भीमेत जातं आणि भीमेवर उजनी धरण आहे, तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात हा येतो आणि त्याला बाजारात भाव नाही. तो तिथे कोणीतरी सोडल्याशिवाय आलेला नाही. शेवटी तीन बार्ब आणि सकर दुकानाने परत घेतले, पैसे नाही मागितले, एंजल माझ्या एका मित्राच्या चार फुटी टाकीत गेला, गोल्डफिश दुसऱ्या एकाच्या गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात. अंगावरची जागा भरून यायला त्याला महिना लागला, आता तो हाताएवढा झालाय.

टाकी रिकामी केली, पण बंद नाही केली. टोकदार रंगीत खडी काढून बारीक वाळू घातली, बाल्कनीच्या नळाचं पाणी भरलं, जोरात पाणी फेकणारा फिल्टर काढून स्पंज फिल्टर लावला, आणि माझ्या चालू टाकीतला एक जुना, काळपट, घाण दिसणारा स्पंज पिशवीत ओला ठेवून नेला आणि त्याच्या शेजारी बसवला. त्या घाणीतच बॅक्टेरिया असतात. भाचा रोज चिमूटभर खाणं रिकाम्या पाण्यात टाकायचा, ते कुजून अमोनिया तयार व्हायला, आणि दर दोन दिवसांनी टेस्ट करून वहीत लिहायचा. रिकामी टाकी बघत बसणं अकरा वर्षांच्या मुलाला किती जड जातं ते मला माहीत आहे, त्याने ते तीन आठवडे काढले. बाविसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

या तीन आठवड्यांत आम्ही यादी केली. माझं म्हणणं एकच होतं, आधी नळाचं पाणी, मग पूर्ण वाढल्यावरचा आकार, मग स्वभाव, आणि आवडीचा रंग सगळ्यात शेवटी. बहुतेकजण हे बरोबर उलट्या क्रमाने करतात. भाच्याची पहिली यादी होती शार्क, फायटर, एंजल, रंगीत काचमासा, कासव, गप्पी, कोरी आणि श्रिंप म्हणजे छोटी कोळंबी. एकेकावर बसलो.

शार्क म्हणून दुकानात जो चंदेरी मासा मिळतो तो पंगासियस, मीटरभर वाढतो, हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. हे ऐकून भाचा स्वतःच म्हणाला खोडा. रंगीत काचमाशाबद्दल मी त्याला सांगितलं की तो जन्मतः पारदर्शक असतो, पाठीचा काटा दिसतो इतका, आणि गुलाबी-हिरवा रंग सुईने अंगात टोचलेला असतो. त्यावर तो बराच वेळ गप्प बसला. असला मासा कोणीही विकत घेऊ नये असं मला फार आतून वाटतं. कासवाला ताईनेच नकार दिला, आणि तसंही आपल्या देशी कासवांना 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि दुकानात जे लाल पट्ट्याचं परदेशी पिल्लू मिळतं ते मोठं झालं की फूटभराच्या आसपास जातं.

उरले फायटर, गप्पी, कोरी, श्रिंप. फायटर आणि गप्पी एकत्र नको, गप्पीची रंगीत शेपूट बघून फायटरला दुसरा नर वाटतो. एक फायटर आणि दोन-तीन गोगलगाई अशी टाकी छान होते, आणि माझं मत विचाराल तर लहान टाकीत ती सगळ्यात सुंदर, पण भाच्याला हालचाल पाहिजे होती, एक मासा नको. कोरीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. तळाशी टोळीने फिरणारा, मिशा हलवत वाळू चाळणारा मासा, मला स्वतःला तो फार प्रिय आहे, पण कमीत कमी सहा पाहिजेत आणि 18 अंश कडक पाणी त्याच्यासाठी जास्तच. आरओचं पाणी मिसळून कडकपणा खाली आणता येतो, पण मग दर आठवड्याला मोजमाप, मिसळणं, आणि एखाद्या आठवड्यात राहून गेलं की माशाला धक्का. ज्या घरात दोघं नोकरी करतात तिथे मी हे सुचवत नाही. सॉफ्टनरचं पाणी मिसळू का असं दाजींनी विचारलं, ते तर नकोच, त्याने कॅल्शियम जातं आणि सोडियम येतं, पीएच तिथेच राहतो.

कोथरूडमध्ये हीच टाकी असती तर मी वेगळंच सांगितलं असतं. धरणाच्या मऊ पाण्यात हनी गोरामीची एक जोडी, आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा शांत मधाळ रंगाचा मासा, आणि त्याबरोबर निऑनसारखे बारीक टेट्रा. वाघोलीत त्याच पाण्याशी भांडण करत बसण्यापेक्षा ज्याला हे पाणी आवडतं असा जीव शोधायचा.

आणि तो आहेच. गप्पी, प्लॅटी, मॉली या पिल्लं देणाऱ्या माशांना कडक, अल्कलाइन पाणी मानवतं, कॅल्शियम कमी पडलं तर उलट ते आक्रसून पोहायला लागतात, पंख मिटून घेतात. मॉली मोठी होते म्हणून सोडली. प्लॅटी आणि गप्पी यात भाच्याने गप्पी घेतला, शेपटीच्या रंगांमुळे. रंगाला इथे हरकत नव्हती, बाकीचे प्रश्न सुटले होते.

मग नर-मादीचा विषय निघाला. ताई म्हणाली, "अरे जोड्या घे ना, पिल्लं होतील, बघायला छान." मी हिशोब मांडला. एक मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस, कधी जास्त. एकदा नराशी संबंध आला की ती ते बीज अंगात साठवून नंतर कित्येक महिने नर नसतानाही पिल्लं देऊ शकते, म्हणजे दुकानातून नुसती मादी आणली तरी ती बहुतेक भरलेलीच असते. तीन माद्या म्हणजे उन्हाळ्यापर्यंत 45 लिटरमध्ये शे-दोनशे जीव. शिवाय नर जास्त झाले तर माद्यांना सतत छळतात, म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवतात. मी म्हटलं नुसते नर घेऊ, सात. सातच का, तर दोन-तीन नर असले की त्यातला एक दबतो, सात-आठ असले की कोणा एकावर रोख राहत नाही. भाचा हिरमुसला, त्याला पिल्लं पाहिजे होती. त्याला म्हटलं पिल्लं बघायला मिळतील, पण माशांची नाही.

चेरी श्रिंप. लालभडक, इंचभराचे, मूळ तैवान-चीनकडचे, कडक पाणी चालतं, अंगावरच्या कवचाला कॅल्शियम लागतंच. गप्पी मोठ्या श्रिंपला काही करत नाही पण नुकतं निघालेलं, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं पिल्लू सापडलं तर खातो, म्हणून आधी श्रिंप आणि लपायला दाट जावा मॉस, म्हणजे पाण्यातली शेवाळासारखी वनस्पती, आणि मग महिन्याने गप्पी, हा क्रम ठरवला. काचेसाठी सकरच्या जागी तीन नेराइट गोगलगाई. त्यांची संख्या गोड्या पाण्यात वाढत नाही, पांढरी ठिपक्यांसारखी अंडी काचेला चिकटवतात पण त्यातून पिल्लं निघत नाहीत, आणि त्यांचं कवच कडक पाण्यात घट्ट राहतं, मऊ पाण्यात झिजतं. त्या टाकीबाहेर चढतात म्हणून झाकण पाहिजे, आणि उलट्या पडल्या तर बऱ्याचदा स्वतः सुलट होत नाहीत, हाताने सरळ कराव्या लागतात. भाच्याने शाळेत जाण्याआधी गोगलगाई मोजायचं काम स्वतःकडे घेतलं.

नोव्हेंबरच्या शेवटी मॉस आणि गोगलगाई, डिसेंबरच्या मध्यावर दहा श्रिंप. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून दर दहा मिनिटांनी कपभर टाकीचं पाणी आत, असं तासभर, कारण श्रिंपला पाण्यातला अचानक बदल माशापेक्षा जास्त लागतो. थंडीत रात्री वाघोलीत चांगलंच गार होतं, टाकी 20वर उतरली म्हणून 50 वॅटचा हीटर लावून 24वर ठेवली. आठवड्याने भाच्याचा घाबरून फोन आला, "मामा, एक श्रिंप मेला, पांढरा पडलाय." मी म्हटलं मोज. दहाच्या दहा होते, पांढरी होती ती टाकलेली कात. ती काढू नको म्हटलं, तेच खातात ती, कॅल्शियम परत मिळवायला.

गप्पी जानेवारीत आले, आणि सरळ टाकीत नाही गेले. झाकणाच्या बादलीत, छोटा स्पंज लावून, दोन आठवडे. हा आग्रह माझा होता आणि तो कामाला आला, पाचव्या दिवशी दोघांच्या शेपटीवर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके आले. बादलीतच औषध दिलं, तापमान थोडं वाढवलं, सगळे वाचले. हे टाकीत झालं असतं तर बाजारातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि तांब्याने श्रिंप मरतात, गोगलगाईही, म्हणजे माशांना वाचवायचं का श्रिंपना असा प्रसंग आला असता. ते औषध कधीच मुख्य टाकीत जाऊ नये म्हणून बादलीवर भाच्याने मार्करने "औषधाची" असं लिहिलंय.

एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. दाजींच्या आई, म्हणजे भाच्याची आजी, दुपारी टाकीजवळ बसतात. त्यांनी आयुष्यभर देहूला गेल्यावर इंद्रायणीतल्या माशांना खायला घातलंय, त्यांच्यासाठी माशाला खाऊ घालणं हे पुण्याचं काम आहे आणि घरात मासे असून त्यांना काही द्यायचं नाही हे त्यांना पटत नव्हतं. पोळीचा चुरा पडायचा आणि वाळूवर पांढरी बुरशी यायची, दोन आठवड्यांत नायट्राइट परत दिसायला लागला. ताई त्यांना रागवायला निघाली होती. मी म्हटलं आजी, दुपारचं खाणं तुम्हीच द्या, रोज, तुमच्याशिवाय कोणी द्यायचं नाही. एका छोट्या डबीत आठवड्याच्या सात चिमटी मोजून ठेवतो, शनिवारी काकडीची एक पातळ चकती उकळत्या पाण्यातून काढून, श्रिंप आणि गोगलगाईंसाठी. त्या आता वेळ चुकवत नाहीत, गप्पी त्यांचा पदर दिसला की पुढच्या काचेवर येऊन उभे राहतात.

पाणी दर रविवारीच बदलतात पण दहा लिटर, बाल्कनीच्या नळाचं, अँटी-क्लोरीन घालून. स्पंज महिन्यातून एकदा, तोही काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळून. नळाखाली कधीच नाही.

एप्रिलमध्ये पाणी 31वर गेलं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, श्रिंप सगळे वरच्या मॉसवर येऊन बसले. झाकण काढून जाळी टाकली आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका लावला, दोन-अडीच अंश उतरलं, फक्त बाष्पीभवन जास्त होतं म्हणून रोज लिटरभर पाणी वाढवावं लागलं, आणि ते वाढवण्यासाठी मात्र आरओचं वापरायचं, कारण वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागे राहतात. एकदा दुपारी चार तास लाईट गेली तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप उपयोगी पडला. एक गप्पी त्या महिन्यात गेला. वहीत त्याची नोंद आहे, "वय झालं असेल, अंगावर काही नव्हतं."

पहिली अंडी दिसली ती फेब्रुवारीत. मादी श्रिंप पोटाखाली अंडी घेऊन फिरते, पिवळसर दाण्यांचा घोस, आणि छोट्या पायांनी सतत त्यांना वारा घालत असते. भाचा भिंग घेऊन बसायचा. तीन-साडेतीन आठवड्यांनी एका सकाळी दाणे नव्हते आणि मॉसच्या टोकावर पापणीच्या केसाएवढं काहीतरी चालत होतं, मिशांसकट, पूर्ण श्रिंप, फक्त इवलंसं. त्याने शाळेची बस चुकवली त्या दिवशी. काही पिल्लं गप्पींनी खाल्लीच असणार, पण मॉसने पुष्कळ वाचवली.

गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा सहा गप्पी, तीन गोगलगाई आणि भाच्याच्या मोजणीने पन्नासच्या वर श्रिंप, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 20. भाच्याला आता एक गप्पी वाढवून परत सात करायचे आहेत, बादली धुवून उन्हात ठेवली आहे. श्रिंप जरा जास्त झालेत, वीस-पंचवीस काढावे लागतील, ते माझ्याकडे येणार, पण माझं पाणी मऊ आहे, तेव्हा आधी पंधरा दिवस त्यांच्या पाण्याचा कॅन आणून थोडं थोडं मिसळत माझी छोटी टाकी त्यांच्याजोगी करायला घेतलीय.